डाव्या बाजूची बादली

माझ्या वहिनीला, आयरिसला, मी पन्नास वर्षं ओळखते; पण ती मला कळली असं म्हणायची माझी अजून हिंमत होत नाही. लग्न होऊन आमच्या शेतावर आली तेव्हा फुंकर मारली तर उडेल अशी होती. पण ट्रॅक्टरला गव्हाने भरलेली चारचाकी गाडी जोडून द्या, ती उलटी चालवत थेट कोठाराच्या दारात नेऊन लावायची. माझा भाऊ मर्विन याला ते काम कधी जमलं नाही. दोनदा त्याने दाराची चौकट उखडली, तेव्हा आमचे वडील म्हणाले, "तू खाली उतर, तिला बसू दे." मर्विनला राग आला नाही. उलट ही गोष्ट तो गावभर सांगत फिरला. माझा भाऊ पहिल्यापासून बोलघेवडा. दुसऱ्याच्या लग्नातही भाषण ठोकायचा.

वय झालं तसं त्यांनी शेत भाड्याने दिलं आणि ट्रेलर घेतला. ट्रेलर म्हणजे चाकांवरचं अख्खं घर. स्वयंपाकघर, पलंग, न्हाणी सगळं आत, तीस फूट लांब. पिकअपच्या मागे जोडायचं आणि निघायचं. आमच्या सॅस्कॅचेवान प्रांतात ऑक्टोबर आला की निम्मी म्हातारी माणसं अशी घरं ओढत दक्षिणेला ॲरिझोनाच्या वाळवंटात जातात आणि बर्फ वितळलं की परततात. मी जात नाही. मला थंडीचा त्रास होत नाही, माणसांचा होतो.

चालवायचा मर्विन. आयरिस शेजारी बसायची आणि कुरकुरायची. वाळवंटात तिचा जीव रमत नसे. तिला इथलं कर्लिंग हवं असायचं, बर्फावर दगड सरकवायचा तो आमचा खेळ. मार्चमध्ये परत आली की ती घरात सामान टाकायच्या आधी कर्लिंगच्या शेडमध्ये डोकावून यायची. म्हणून गेल्या एप्रिलमध्ये मर्विनला मेंदूचा झटका आला, हात-पाय सुधारले पण गाडीचं लायसन्स कायमचं गेलं, तेव्हा मला वाटलं, चला, निदान आयरिसची त्या वाळवंटातून सुटका झाली.

मर्विनचं बोलणं मात्र थांबलं. जीभ शाबूत होती, पण माणूस बोलेना. दिवसभर खिडकीशी बसून अंगणातल्या ट्रेलरकडे बघायचा. ऑगस्टमध्ये एके सकाळी एकदम म्हणाला, "लोर्नला देऊन टाकू. तो केव्हाचा मागतोय."

लोर्न हाल्को हा शेजारच्या गावचा. त्याचा त्या ट्रेलरवर कधीपासून डोळा होता.

आयरिस तवा घासत होती. मागे न बघता म्हणाली, "द्यायचा नाही. मी चालवीन."

मी आणि मर्विनने एकमेकांकडे बघितलं. मी तिला विचारलं, "अगं, तुला तर तिकडचं तोंडही बघायला नको असतं ना?"

"नको असतं," ती म्हणाली, आणि तवा पुसून टांगला. आता या उत्तराचं माणसाने काय करावं?

मर्विनने अट घातली. थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत, ऑक्टोबरात, तळ्याकाठी ट्रेलर लावायचा तळ आहे, तिथे जायचं. तिथल्या जागेत ट्रेलर नीट उलटा लावता आला तर दक्षिणेला जायचं, नाही तर तिथूनच लोर्न घेऊन जाईल. इतकी वाक्यं तो कित्येक महिन्यांत सलग बोलला नव्हता.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आमच्या गावातल्या दुकानाच्या कोपऱ्यात एक लांब टेबल आहे. निवृत्त शेतकरी रोज सकाळी तिथे कॉफी पितात आणि ज्यांनी विचारलेलं नाही त्यांनाही सल्ला देतात. त्यांचा पुढारी वॉल्टर दानिल्को. आयरिस पाव घ्यायला गेली आणि पावाबरोबर डोकंभर शहाणपण घेऊन आली. एक म्हणाला, फक्त आरशात बघ. दुसरा म्हणाला, आरसा दगा देतो, मान वळवून बघ. एक म्हणाला, जड सामान मागे ठेव, पिकअपवर भार नको. दुसरा म्हणाला, मागे ठेवशील तर मरशील. ट्रेलर हलायला लागला तर ब्रेक मार, ब्रेक मारू नकोस, वेग वाढव, वेग सोड. घरी आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता.

"नेटी," ती मला म्हणाली, "हे सगळे इतकी वर्षं ट्रेलर ओढतायत. मग एकाचं दुसऱ्याशी का जुळत नाही?"

"कारण सगळे आपापल्या बायकांवर ओरडूनच शिकलेत," मी म्हटलं.

सराव कर्लिंगच्या शेडमागच्या खडीच्या मैदानात सुरू झाला. आइस्क्रीमच्या रिकाम्या बादल्या आमच्याकडे प्रत्येक घरात डोंगरभर असतात. त्यात बेरी भरतात, सूप गोठवतात, कुत्र्याला जेवण देतात. टाकून देणारा माणूस आमच्यात अजून जन्मायचा आहे. त्यात मूठमूठ खडी घालून आम्ही दोन ओळी मांडल्या. मधल्या गल्लीत ट्रेलर मागे घ्यायचा.

पहिल्या दिवशी तिने जे केलं ते बघून मी डोकं धरलं. ट्रेलर डावीकडे न्यायचा तर तो उजवीकडे जायचा. उजवीकडे न्यायचा तर डावीकडे. थोड्याच वेळात पिकअप आणि ट्रेलर काटकोनात, आणि खाली बादल्यांचा चुरा. आयरिस उतरून बघत उभी राहिली. तिचं तोंड असं झालं होतं, की जणू तिचेच हात दुसऱ्या कुणाचे तरी निघाले.

कोडं वॉल्टरने सोडवलं. तो अर्थातच बघायला आलाच होता. "गव्हाची गाडी," तो म्हणाला. "चारचाकीची पुढची चाकं दांडीबरोबर वळतात. ट्रेलरची चाकं पोटाखाली, ती वळत नाहीत. त्यामुळे सगळं उलटं होतं. तुझ्या हातात जन्मभराची ती गाडी बसलीय, आयरिस. तुला काहीच न येणाऱ्यापेक्षा जास्त वेळ लागणार."

मग त्याने तिला युक्ती सांगितली. स्टिअरिंग वरून धरू नकोस, तळाशी धर. हात ज्या बाजूला सरकवशील त्या बाजूला ट्रेलरचं ढुंगण जाईल. आणि शंका आली की थांबायचं, उतरायचं, चालत जाऊन बघायचं. त्यात लाज कसली? आयरिसने ते पक्कं धरलं. सप्टेंबर अर्धा सरला तोवर बादल्या वाचायला लागल्या.

ती घाबरट नव्हती, हेही सांगायला हवं. एकदा आम्ही तिघं हायवेला सरावाला गेलो. तिने ट्रेलरच्या मागच्या कप्प्यात बटाट्यांची पोती भरली होती, हिवाळ्यासाठी. समोरून धान्याचा मोठा ट्रक सुसाट गेला, त्याच्या वाऱ्याने ट्रेलर हलला आणि हलतच राहिला, कुत्र्याच्या शेपटीसारखा. मागच्या सीटवर माझी पाचावर धारण बसली. मर्विन ओरडला, "ब्रेक!" तिने ब्रेकला पाय लावला नाही. वेग सोडला, स्टिअरिंग सरळ धरलं, आणि पुढ्यातली छोटी कळ दाबली. त्या कळीने फक्त ट्रेलरचे ब्रेक लागतात. ट्रेलर हळूहळू शांत झाला. रस्त्याकडेला थांबून तिने ती पोती पुढच्या भागात हलवली. हलवली म्हणजे मी हलवली. ती सांगत होती.

आता माझा गोंधळ इथून सुरू होतो. इतकं जमणारी बाई मर्विन मागे उभा राहिला की का बिघडावी?

कारण त्याच सुमारास मर्विन मैदानात यायला लागला. ट्रेलर मागे घेताना पाठीमागे एक माणूस उभा लागतो. तो हाताने ये, थांब, इकडे, तिकडे करतो आणि चालवणारा त्याला आरशात बघतो. मर्विन म्हणाला, मी उभा राहीन. राहिला. आणि त्या दिवसापासून डाव्या ओळीतल्या बादल्या मरायला लागल्या. रोज. उजवीकडे पाच हात मोकळे सोडून ती नेमकी डावीकडे जायची.

यातली मजा गाडी चालवणाऱ्यालाच कळेल. आमच्याकडे स्टिअरिंग डावीकडे असतं. डावी बाजू चालवणाऱ्याला आरशात लख्ख दिसते. न दिसणारी बाजू उजवी. जगातला प्रत्येक शिकाऊ उजवीकडे आपटतो. आमची आयरिस मात्र जी बाजू दिसते तिथे आपटायची. वॉल्टरच्या टेबलावर या विषयावर आठवडाभर खल झाला. कुणी म्हणालं मोतीबिंदू, कुणी म्हणालं आरसा वाकडा. वॉल्टर म्हणाला, गव्हाची गाडी परत हातात शिरली.

बादली फुटल्याचा आवाज आला की मर्विन मान वळवून बघायचा आणि ओरडायचा. "अगं, आरसा कशाला दिलाय? केस विंचरायला?"

"चुकलं," आयरिस म्हणायची.

"मी हात करतोय तिकडे बघ ना!"

"बघतेय."

एकदा मी भल्या सकाळी शेडची चावी द्यायला गेले तर आयरिस मैदानात एकटीच होती. मी कोपऱ्यावर थांबले. तिने ट्रेलर वळवला, एकदा थांबून खाली उतरली, मागे चालत जाऊन बघून आली, आणि मग दोन्ही ओळींच्या मधोमध आत नेऊन ठेवला. एक बादली हलली नाही. त्याच दिवशी दुपारी मर्विनसमोर तिने डावीकडच्या तीन चिरडल्या.

माझं डोकं फिरलं. मला वाटलं, ही मुद्दाम करते. जायचं नाही, पण नाही म्हणायचं नाही, म्हणून नापास व्हायचं. आणि माझा भाऊ बिचारा उन्हात उभा राहून हात हलवतोय. मी ठरवलं, आज तिला खडसावायचं.

त्या संध्याकाळी जेवायला तिच्याकडेच होते. बटाट्याच्या पिरोही होत्या, म्हणजे सारण भरून उकडलेल्या करंज्या, वर कांदा परतलेलं लोणी. मर्विनने भराभर खाल्ल्या आणि ताट पुढे सरकवलं. "संपल्या? अजून नाहीत का?"

त्याच्या ताटात डाव्या अर्ध्या भागात पाच पिरोही तशाच होत्या. मी तोंड उघडलं. आयरिसने टेबलाखालून माझ्या पायावर पाय ठेवला, हात लांब करून त्याचं ताट अर्धं फिरवलं, आणि म्हणाली, "घे, या आहेत ना."

"हां," मर्विन म्हणाला आणि त्या खायला लागला. त्याला त्यात काहीच वावगं वाटलं नाही.

तो खिडकीशी जाऊन बसल्यावर मी तिला ओट्याशी गाठलं. "हे काय आहे?"

"डॉक्टरांनी तेव्हाच सांगितलं होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "डोळे चांगले आहेत त्याचे. पण डावी बाजू आहे, हेच त्याच्या डोक्याला ठाऊक नाही. मान वळव म्हटलं की दिसतं. नाही म्हटलं तर तिकडे जगच नाही."

"म्हणजे लायसन्स त्यासाठी..."

"त्यासाठीच. त्याला वाटतं, सरकारी माणसांनी उगाच छळलं."

"आणि त्याला तू मागे उभा करतेस? आरशात बादली दिसत असताना?"

"दिसते गं." तिने ओला हात कपाळाला लावला. "नेटी, एप्रिलपासून तो माझ्याशी काय बोललाय? मीठ दे, दार लाव. पहिल्या दिवशी मागे उभा राहून माझ्यावर ओरडला ना, मी गाडीत बसून रडले. इतका गोड वाटला मला तो आवाज. मी थांबले असते तर त्याला कळलं असतं. मग तेही गेलं असतं. वाळवंटात तो सगळ्यांशी बोलतो, म्हणून मला जायचंय. मला काय करायचंय तिथलं ऊन?"

मला तिचा राग आला, आणि तिच्या गळ्यात पडावंसंही वाटलं. मी रागाचंच बोलले, कारण ते मला येतं. "आज बादली आहे. उद्या तिथे कुणाचं पोर असेल."

"ते मला कळतं. रोज कळतं," ती म्हणाली. "त्याचं काय करायचं, तेवढं कळत नाही."

मलाही कळत नव्हतं. शेवटी आम्ही दोघींनी मिळून एक अर्धवट उपाय काढला. तळावर मी डावीकडे उभं राहायचं. डोक्यावर हात ठेवला की आयरिसने थांबायचं. मर्विन काही का सांगेना.

थँक्सगिव्हिंगच्या शनिवारी तळ्याकाठी गेलो. झाडांची पानं पिवळी पडली होती, वरून हंस चालले होते. दक्षिणेलाच. वॉल्टरचं अख्खं टेबल घडीच्या खुर्च्या आणि थर्मास घेऊन आलं होतं. कुणाला ट्रेलर उलटा लावताना बघणं ही आमच्याकडची मोठी करमणूक आहे. फुकट असते आणि नवराबायकोचं भांडण हमखास असतं. लोर्नही आला होता, "सहज, तळं बघायला." त्याच्या पिकअपला मागे हूक लावलेला मी बघितला.

आता तळावरच्या प्रत्येक जागेला विजेचा एक लोखंडी खांब असतो, आणि तो असतो डाव्या बाजूला. ट्रेलरची वायर त्याच बाजूने निघते, म्हणून. मी त्या खांबापाशी जाऊन उभी राहिले. मर्विन मागे, जागेच्या टोकाला. त्याने दोन्ही हात वर केले. एप्रिलनंतर इतका ताठ मी त्याला बघितला नव्हता.

आयरिस मागे यायला लागली. पहिलं वळण सुरेख घेतलं. वॉल्टर खुर्चीत पुढे सरकला. मर्विन उजवीकडच्या झाडाकडे बघत तिला तिथून लांब करत होता. इकडे, अजून इकडे, ये, ये. ट्रेलरचा मागचा कोपरा खांबाकडे यायला लागला. हातभर राहिला. वीतभर राहिला. मी डोक्यावर हात ठेवला.

ट्रेलर थांबला.

"का थांबलीस?" मर्विन ओरडला. "ये! भरपूर जागा आहे!"

मी हात काढला नाही. आयरिस हलली नाही. खुर्च्यांवरच्या सगळ्यांनाच खांब दिसत होता.

"आयरिस! एवढं शिकवलं, तुला अजून डावं-उजवं कळत नाही? जन्मभर काय केलंस?"

खिडकीतून तिचा चेहरा मला दिसत होता. ती समोर बघत सगळं ऐकून घेत होती. माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. पण बोलायची वेळच आली नाही. मर्विन तणतणत तिच्याकडे निघाला, ट्रेलरच्या डाव्या बाजूने, खांब आणि ट्रेलर यांच्यामधून. मी "मर्विन" म्हणेपर्यंत त्याचा डावा खांदा खांबावर आपटला.

तो थांबला. आधी त्याला वाटलं, कुणी तरी धक्का दिला. मग मान वळवली. खांबाकडे बघितलं. खांबावर हात ठेवला. दुसरा हात ट्रेलरच्या कोपऱ्यावर. दोन्ही हातांच्या मधे एक वीत होती. मला तिथून निघून जावंसं वाटलं.

आयरिस खाली उतरून त्याच्यापाशी आली होती. त्याने तिच्याकडे बघितलं नाही.

"बादल्यासुद्धा?" त्याने विचारलं.

"हो," ती म्हणाली.

"सगळ्या?"

"पहिल्या काही माझ्या होत्या."

तो हसला नाही. खांबावरचा हात खाली घेतला आणि म्हणाला, "माझ्या बापासमोर चौकट उखडली होती, तेव्हा तरी मला दिसत होती." मग इकडे तिकडे बघायला लागला, आता आपण कुठे जायचं, असा. खुर्च्यांकडे जाववत नव्हतं. मागे परत जाववत नव्हतं. माझा सत्तरीतला भाऊ त्या मोकळ्या जागेत हरवल्यासारखा उभा होता.

"मर्विन," आयरिस म्हणाली, "उजव्या आरशात मला झाडाचं काही समजत नाही. ती बाजू मला बसल्या जागेवरून दिसतच नाही. तू आत येऊन बघतोस का?"

ही बाब खरी होती. तिने ती दया म्हणून सांगितली की गरज म्हणून, मला अजून ठरवता आलेलं नाही. तो तिच्या मागोमाग गेला, शेजारच्या सीटवर बसला आणि उजवीकडची काच खाली केली. मी त्याच्या जागी, मागे जाऊन उभी राहिले. ट्रेलर थोडा पुढे गेला, सरळ झाला, परत मागे यायला लागला. डावीकडे आयरिस बघत होती. उजवीकडून मर्विनचा आवाज येत होता. "दोन हात आहेत. ये. दीड. फांदी आहे, छताला लागत नाही. ये. आता सरळ कर. सरळ, सरळ, झालं बघ." मधूनच तो तिला त्या झाडाबद्दलही काहीतरी सांगत होता. मी हात वर केला, ट्रेलर जागेवर थांबला.

भांडण न झाल्यामुळे वॉल्टरची मंडळी जरा हिरमुसली. आयरिस उतरून चाकांखाली लाकडी ठोकळे लावायला लागली. लोर्न रेंगाळत मर्विनच्या खिडकीपाशी आला.

"मग मर्विन, ट्रेलरचं काय ठरलं?"

मर्विनने आरशातून नजर काढली नाही.

"मला काय विचारतोस?" तो म्हणाला. "चालवते ती. तिला विचार."